आधी पडायचं, मग खांब

शिट्टीबाई माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी पाहत. समोरून कुणी आलं की त्यांची नजर आधी त्याच्या टाचांवर जाई, तिथून कमरेवर, मग खांद्यांवर, आणि वेळ उरलाच तर तोंडावर. त्यामुळे शाळेतल्या अर्ध्याअधिक मुलींची नावं त्यांना कधी सांगता आली नाहीत. मात्र व्हरांड्यातून कोण चाललंय हे खिडकीकडे पाठ करून, नुसत्या पावलांच्या आवाजावरून त्या ओळखत. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले होते. आम्ही सगळे शिक्षक पायऱ्यांवर रांगेनं उभे. बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी अध्यक्षांना ओळखलं नाही, पण गाडीतून उतरून ते चार पावलं चालले तेवढ्यात हळूच म्हणाल्या, "हे पोट पुढं पाठवून स्वतः मागनं येतात." अध्यक्षांच्या गौरव अंकात पंधरा लेख होते. त्यांपैकी एकाही लेखात त्यांचं इतकं नेमकं वर्णन नव्हतं.

आमची शाळा सोलापुरातल्या भवानी पेठेतली, मुलींची. भिंतीपलीकडे यंत्रमाग, त्यामुळे खटखटीच्या तालावर कविता शिकवण्याची मला सवय झालेली. मी मराठी शिकवतो. बाई खेळाच्या शिक्षिका, आणि खेळ म्हणजे खो-खो, बाकीचे त्यांच्या मते वेळ घालवण्याचे प्रकार. गाव मोहोळकडचं. स्टाफरूममध्ये त्या पुस्तकातलं मराठी बोलत, पण मुली समोर आल्या किंवा मैदानाच्या मातीला पाय लागला की घरचं. गळ्यात कायम काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी असे. तिच्यावरून मुलींनी पाडलेलं नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

चित्रकलेचा तास त्यांच्याकडे आला तो गुडघ्यामुळे. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले होते आणि ती जागा भरायची नाही असं वरून ठरलं होतं. त्याच सुमारास बाईंचा वर्षानुवर्षं दुखणारा उजवा गुडघा पार बिघडला. तेव्हा मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातली ही दोन्ही भोकं एकमेकांवर ठेवून पाहिली आणि ती जुळली. "चित्रकलेत पळायचं नसतं बाई, बसून काम," असं त्यांनी समजावलं. बाईंनी आपल्याला साधं मांजरसुद्धा काढता येत नाही असं सांगून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, अभ्यासक्रमात मांजर नाही.

हे सगळं मला इतकं माहीत आहे कारण त्या तासाला मी वर्गात असे. माझा तो तास मोकळा होता आणि एरवी मी वाचनालयात बसत असे, पण त्या वर्षी वाचनालयात अध्यक्षांच्या अमृतमहोत्सवाचे फ्लेक्स ठेवले होते. पुस्तकांच्या कपाटांना अध्यक्ष टेकून उभे होते, आठ फुटी. तेव्हा मी वह्या तपासायला चित्रकलेच्या वर्गातल्या शेवटच्या बाकाचा आश्रय घेतला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "एक माणूस काढा." मुलींनी पट्ट्या आणि खोडरबर बाहेर काढले. तास संपला तेव्हा वर्गात चाळीसएक डोकी तयार झाली होती आणि धड एकही नव्हतं. अंबिका नावाच्या मुलीच्या कागदावर तर एकच डोळा होता, पण त्याची पापणी केस न् केस मोजून घ्यावी अशी. तिच्या घरी माग होते, घरात तेलुगू बोलत, आणि चादरीच्या काठावरची नक्षी पाहत ती वाढली होती. बारीक कामात तिचा हात धरणारी मुलगी शाळेत नव्हती. बाई तिच्या बाकापाशी थांबल्या.

"कुटं निघालीय ही?"

"कुठं नाही बाई. उभी आहे."

"उभी का?"

"मी काढायलेय म्हणून."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना ते उत्तर फार लागलेलं दिसलं.

दुसऱ्या तासाला त्यांनी खो-खोच्या संघातल्या रेश्माला वर्गात आणून टेबलावर चढवलं. रेश्मा म्हणजे पायात स्प्रिंग असलेली मुलगी. तिला बाईंनी पाठलाग करतानाच्या ऐन झोकात थांबायला सांगितलं, एक पाय हवेत, एक हात पुढे, आणि शिट्टी फुंकली. तीस सेकंदांनी पुन्हा शिट्टी. पेन्सिली खाली. नवी मुद्रा, पुन्हा शिट्टी. तीसच सेकंद का, असं मी नंतर विचारलं. बाई म्हणाल्या, त्याच्यापुढं पोरीचा पाय थरथरतो. मोठमोठ्या कलाशाळांमध्ये अशीच झटपट रेखाटनं करवून घेतात आणि त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, असं मी पुढे कुठेतरी वाचलं आणि उत्साहानं त्यांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, तिथं शिट्टी असते का. मी म्हटलं, नसावी, मोबाइल लावत असतील. "मग जमतं कसं?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

नियम थोडे होते. खोडरबर जमा होऊन खडूच्या डब्यात जात. डोकं सगळ्यात शेवटी काढायचं. "पाय निघाले की डोकं येतंय की मागनं, कुटं जातंय?" आणि दिसतं त्यापेक्षा जरा जास्तच झुकवायचं, कारण कागदावर जाताना माणूस आखडतो. मुलींनी आधी मुकाट्यानं, मग चेव येऊन कागद भरले. रेघा गिचमिड्या, तोंडं नाहीत, बोटं नाहीत, पण काही आठवड्यांत त्या कागदांवरची माणसं चालायला लागली. मीही वह्या तपासायचं सोडून माझ्या वहीच्या मागच्या पानावर हात मारून पाहू लागलो. माझी माणसं तलाठ्याच्या दारात नंबर लावून उभी असल्यासारखी दिसत. बाईंनी एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुमची माणसं वाचून दमलीत."

या पद्धतीत एक गोम होती आणि ती सहामाहीला उघडी पडली. वस्तुचित्राला तांब्या आणि दोन लिंबं ठेवली होती. सगळ्या वर्गानं तांब्या काढला आणि सगळ्या वर्गाचा तांब्या दाराच्या दिशेनं झुकलेला. कुणाचा नुसता कललेला, कुणाचा चांगला वेग घेतलेला. मुख्याध्यापकांनी एकेक कागद उचलून पाहिला आणि हा तांब्या पडतोय, हाही पडतोय, असं म्हणत गठ्ठा संपवला. बाईंच्या चेहऱ्यावर आधी अभिमान होता, तो हळूहळू उतरला. शेवटी दुसऱ्या शाळेतले एक चित्रकला शिक्षक काही शनिवार येऊन तांबे सरळ उभे करून गेले. बाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. "ज्याला कुटं जायचंच न्हाय, ते मला शिकवता येत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

पण त्या वर्षी त्यांच्या मनात तांब्यापेक्षा वेगळंच काही होतं. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. चित्रकलेच्या जागेसारखीच त्यांचीही जागा भरायची नाही असं मुख्याध्यापकांनी बैठकीत सांगून टाकलं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वर्गातच बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मला एकच गोष्ट येत होती सर. ती माझ्यासंगट जाईल."

ती गोष्ट म्हणजे खांबावरचा सूर. खो-खोत दोन्ही टोकांना खांब असतात. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटू लागली की पाठलाग करणारीनं खांबाला एक हात लावून बाहेर झेपावायचं आणि दुसऱ्या हातानं तिला गाठायचं. असा सूर सगळेच मारतात. बाईंच्या वेळी मात्र, असं जुनी माणसं सांगत, पळणारी हाताच्या अंतराबाहेर गेली म्हणून सुस्कारा टाके आणि तेवढ्यात बाईंची बोटं तिच्या पाठीला लागत. त्या सुरावरच त्यांना खेळाडू म्हणून नाव मिळालं आणि पुढे नोकरी. शाळेतल्या मुली तो त्यांना पाहूनच शिकत. गुडघा दुखू लागला तसा सूर बंद झाला, आणि आताच्या मुली त्यानंतर आलेल्या. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. त्या काळात कोण व्हिडिओ काढणार? एक फोटो होता, तो बक्षीस घेतानाचा. त्यात बाई कोपऱ्यात ताठ उभ्या आणि पाहुणे मधोमध. सूर मारला तेव्हा फोटोग्राफर बहुधा चहाला गेला असावा.

बाई मुलींना सांगत, हात लांब कर. त्यांना त्यांच्या गुरुजींनी तसंच सांगितलं होतं. मुली हात लांब करत आणि खांबाला घट्ट धरून ओणव्या होत. एकदा न राहवून बाईंनी स्वतः करून दाखवायला दोन पावलं टाकली. गुडघ्यानं तिसरं पाऊल टाकू दिलं नाही. दोघी मुलींच्या खांद्यावर हात टाकून त्या व्हरांड्यापर्यंत आल्या, आणि त्यानंतर खांबाजवळ गेल्या नाहीत.

नंतर एके दिवशी त्यांनी चित्रकलेचा वर्गच मैदानावर आणून बसवला. रेश्मानं पळत यायचं, खांबापाशी सूर मारायचा आणि जमेल तिथं गोठून राहायचं. बाकीच्यांनी ते काढायचं. बाई रेश्माला काही सांगत नसत, चित्रांना सांगत. प्रत्येक कागदापाशी एकच प्रश्न, "ही पडायलीय का नुसती वाकलीय?" नुसती वाकलेलीच असे. सगळ्यांनी आधी खांब काढलेला, त्यावर हात, आणि हाताला लोंबणारी रेश्मा, खिळ्याला अडकवलेल्या ओल्या टॉवेलसारखी. ओला टॉवेल कसा लोंबतो हे आमच्या पेठेतल्या मुलींना उत्तम ठाऊक असतं, त्यामुळे चित्रं खरी होती. बाईंना हवी होती ती मात्र नव्हती. हे पुष्कळ दिवस चाललं. मुली कंटाळल्या. मुख्याध्यापकांनी वरच्या खिडकीतून पाहून चित्रकलेचा तास मातीत का, अशी चौकशी केली. बाई कॅलेंडरकडे पाहायचं टाळू लागल्या.

आणि मग अंबिकाचा कागद आला. पापण्या तिनं एव्हाना सोडल्या होत्या, पण हात अजून सावकाश चाले, आणि शिट्टी तिला नेहमी अर्ध्यात गाठे. त्या दिवशीही गाठलं. कागदावर मोजून एक लांब रेघ होती. डाव्या टाचेपासून निघालेली, कमरेतून वळून थेट पुढच्या बोटांच्या टोकापर्यंत गेलेली, आणि भोवती दोन-चार फराटे. बाईंनी तो उचलला.

"खांब कुटाय?"

"राहिला बाई. शिट्टी झाली."

बाईंनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली, खांब काढायला टोक कागदावर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. अंबिका घाबरून म्हणाली, द्या बाई, मी काढते.

"काढू नगं."

मग रेघेवरची नजर न काढता त्या बोलू लागल्या. बोलल्या त्या कुणाशी, कोण जाणे. "मीबी धरत नव्हते की. हात लागायच्या आधीच मी पडत होते. खांब नंतर यायचा. आणि इतकी वर्षं मी पोरींना हातच सांगत बसले."

रेश्माला बोलावून त्यांनी तो कागद दाखवला. खांब आहे हे विसर, टाचेतून पड, हात आपोआप जाईल. रेश्मानं चित्र पाहिलं, खांब पाहिला, खालची माती पाहिली.

"बाई, पडेन की मी."

"पडच. तेच सांगायलेय."

ती पडली. कोपर सोललं, हनुवटीला माती लागली, एकदा खांब नुसता बाजूनं निघून गेला आणि ती पलीकडे जाऊन आदळली. तिच्या आईनं हळद लावून पाठवलं आणि एक निरोपही पाठवला, तो मी इथे देत नाही. असं पंधरवडाभर चाललं. तो कागद बाईंनी व्हरांड्याच्या भिंतीला चिकटवला होता आणि रेश्मा प्रत्येक वेळी पळायच्या आधी त्याच्याकडे पाहून घेई. एका संध्याकाळी ती पळत आली, आणि खांबापासून चांगली हातभर अलीकडे असतानाच तिचा तोल गेला. मला वाटलं, पुन्हा आदळणार. तेवढ्यात हात जाऊन खांबाला टेकला, नुसता टेकला, आणि ती टाचेपासून बोटांपर्यंत अंबिकाच्या रेघेसारखी मातीला समांतर उलगडली. पळणारी मुलगी लांब जाऊन थांबली होती. रेश्माचा हात तिच्या पाठीला लागला तेव्हा ती दचकली.

बाईंनी टाळी वाजवली नाही. शिट्टी वाजवली. कशासाठी ते कुणालाच कळलं नाही. बसलेल्या मुली गडबडीनं आपापल्या पेन्सिली शोधू लागल्या.

निरोपसमारंभ रीतसर झाला. फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो मोठा आणि बाईंचा त्याखाली, अर्जावर लावतात तेवढा. अध्यक्ष त्यांना "चित्रकलेच्या क्षेत्रातील तपस्विनी" म्हणाले, कारण चिठ्ठीवर तसं लिहून दिलं होतं. मे महिन्यातल्या सोलापुरात त्यांच्या अंगावर एक जाड चादर पांघरण्यात आली. ती सावरत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला चित्र येत नाही. पोरींना येतं." आणि बसल्या. त्या शिट्टी कुणाला तरी देतील अशी सगळ्यांची समजूत होती. रेश्मानं तर हात पुसून ठेवले होते. फाटकापाशी रिक्षात बसताना बाईंनी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि शिट्टी पदराआड केली. "ही माजी हाय," म्हणाल्या.

त्यानंतर संघाची जबाबदारी माझ्याकडे आली. खेळाविषयी मी वाचलेलं पुष्कळ होतं. सुदैवानं मुलींनी मला काही विचारलं नाही. रेश्मा लहान मुलींना खांबापाशी नेई, अंबिका कागदावर त्यांना पाडून दाखवी. थंडीत आंतरशालेय सामने झाले. आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. पण त्या सामन्यात सातवीतल्या एका मुलीनं, जिनं बाईंना नीटसं पाहिलंही नव्हतं, खांबाच्या अलीकडेच स्वतःला सोडून दिलं आणि गडी टिपला. पंचांनी मला विचारलं, हे कुणी शिकवलं.

हे बाईंना सांगायलाच मी मोहोळला गेलो. बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन बरेच दिवस झाले होते. त्या भावाकडे राहत होत्या. दारातच वहिनींनी मला हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर म्हणतात गुडघा उत्तम, चालायला हवं, पण वन्सं खोलीच्या बाहेर येत नाहीत. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा चिडून येईनासा झाला. आत बाई खुर्चीत होत्या. वॉकर समोर, आणि त्यावर दोन्ही हात असे घट्ट की बोटांची पेरं पांढरी. मी सामना सांगितला. हरलो तेही सांगितलं.

"हात कवा लावला तिनं?"

"नंतर."

"मग बरं," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर अंगणात वहिनींच्या शेळ्या बांधलेल्या होत्या. बाई त्यांच्या पायांकडे पाहत होत्या.

मी पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, बाई, उभ्या राहा, एक काढतो. शिट्टी तुम्हीच वाजवा. त्या कुरकुरल्या, पण शिट्टी होतीच गळ्यात, आणि शिट्टी म्हटल्यावर त्यांना बसून राहता येईना. वॉकरला धरून उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. मी टाचेपासून सुरुवात केली. जसं शिकलो होतो तसं दिसतं त्यापेक्षा जरा जास्तच झुकवलं. पुन्हा शिट्टी झाली. मी वही त्यांच्यापुढे धरली.

नेहमीप्रमाणे त्यांनी खालून वर पाहिलं. टाच, कंबर, खांदे. चेहरा मी काढला नव्हता.

"वॉकर कुटाय?"

"राहिला, बाई. शिट्टी झाली."

त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे, या वेळी तोंडाकडे. "सर, लबाडी करायलाव तुम्ही," म्हणाल्या. माझ्या हातातली वही बाजूला सारून त्या दाराकडे वळल्या. शेळ्यांपैकी एक बाहेर ओरडत होती.

पाऊल आधी पडलं. हात वॉकरला नंतर लागला.